दुःखाचें भांडवल

गेल्या वर्षीं एका लहानशा सभागृहांत आम्हीं केलेला एक लहानसा चित्रपट दाखविण्यांत आला. प्रेक्षक मोजून बेचाळीस. त्यांपैकीं निम्मे नात्यागोत्याचे. खेळ आटोपल्यावर एक विद्वान् गृहस्थ उठले आणि म्हणाले, "तुमचा हेतु चांगला असेल; पण आईच्या मरणाचें असें भांडवल करूं नये. आणि करायचेंच, तर पुरेसें भांडवल जमवून तरी करावें." सभागृहांत हंशा पिकला. आम्हीहि हंसलों. त्या गृहस्थांच्या व्यासंगाविषयीं आम्हांस आदर आहे, आणि त्यांचा विनोद चांगला साधला होता हेंहि आम्ही नाकारीत नाहीं. परंतु घरीं परततांना लोकलमध्यें तेंच वाक्य पुनःपुन्हा मनांत घोळूं लागलें, आणि ध्यानांत आलें कीं, हें एकट्या त्या गृहस्थांचें वाक्य नव्हे. आपल्या सुशिक्षित मध्यम वर्गाचें ह्या विषयावरील एकंदर मतच त्यांत सांठलेलें आहे. म्हणून त्याचा परामर्श जाहीरपणें घेणें आम्ही आमचें कर्तव्य समजतों.

त्या वाक्यांत आरोप दोन आहेत. दुःख हा घराच्या चार भिंतींतला विषय असून तो पडद्यावर मांडणें म्हणजे त्याचा बाजार करणें होय, हा पहिला. आणि पुरेसा पैसा गांठीं नसतांना चित्रपट काढणें म्हणजे पोरखेळ होय, हा दुसरा. हे दोन्ही आरोप एकाच तोंडून, एकाच दमांत निघतात ह्याचें कोणासच नवल वाटत नाहीं. वास्तविक पहिला आरोप खरा असेल, तर पैसा वाढेल तसें पापहि वाढावयास पाहिजे; पण आपला व्यवहार उलट आहे. मृत्यूचाच प्रसंग कोट्यवधि रुपये ओतून, नामांकित नटनट्यांच्या डोळ्यांत ग्लिसरिन घालून उभा केला, तर आपण त्यास 'हृदयस्पर्शी' म्हणतों व सहकुटुंब पाहावयास जातों. आणि तोच चार मित्रांनीं आपल्या राहत्या घरांत, आपल्या रोजच्या भांड्याकुंड्यांत उभा केला, तर आपणांस संकोच वाटतो. म्हणजे आपला आक्षेप दुःख दाखविण्यास नाहीं. तें स्वस्तांत दाखविण्यास आहे. आमचें म्हणणें नेमकें ह्याच्या विरुद्ध आहे. शोक आणि स्मृति हे विषय असे आहेत कीं, थोड्या पैशांतच ते प्रामाणिकपणें हाताळण्याची मोकळीक मिळते. मात्र ती मोकळीक फुकट मिळत नाहीं, आणि तिची किंमत आज भलतींच माणसें भरीत आहेत.

प्रथम हकीकत सांगणें बरें. आमच्या मातोश्रींना जाऊन तीन वर्षें झालीं होतीं. डोंबिवलीची आमची दोन खोल्यांची जागा पुनर्विकासांत जाणार, इमारत मे-अखेर रिकामी करावयाची, अशी सोसायटीची नोटीस लागली. ज्या स्वयंपाकघरांत त्यांचीं पस्तीस वर्षें गेलीं, तें पाडलें जाण्यापूर्वीं तेथें एक चित्रपट करावा, असें आम्हां चौघां मित्रांना वाटलें. कथानक म्हणाल तर एवढेंच: आई गेल्यावर मुलगा घर आवरावयास येतो, आणि त्याला तें आवरतां येत नाहीं. कॅमेरा भाड्याचा, भिंगें दोन, माणसें सहा, चित्रणाचे दिवस अकरा. पंखा लावला तर त्याची घरघर ध्वनिमुद्रणांत येते, म्हणून एप्रिलच्या उकाड्यांत पंखा बंद. फ्रिजहि बंद, आणि त्यांतलें दूध शेजारच्या काकूंच्या घरीं. काकूंच्या कुकरच्या शिट्ट्या मोजून, दोन शिट्ट्यांच्या मधल्या वेळांत आम्ही चित्रण उरकीत असूं. एकंदर खर्च चार लाख सत्तर हजार रुपये झाला. एवढ्या रकमेंत आजकाल बरीशी नवी मोटारहि येत नाहीं.

ह्या चित्रपटाच्या केंद्रस्थानीं एक वस्तु होती. मातोश्रींच्या आवाजांतला एकोणीस सेकंदांचा एक निरोप आमच्या मोबाईलमध्यें राहून गेला होता. येतांना कोथिंबीर आण, आणि उशीर होणार असेल तर तसें कळव, एवढाच त्याचा मजकूर. चित्रपटाच्या शेवटीं मुलगा रिकाम्या ओट्यापाशीं उभा राहून तो निरोप ऐकतो आणि त्याच्याबरोबर प्रेक्षकहि ऐकतात, अशी आमची योजना होती. काम अर्ध्यावर असतांना एका चित्रपटसंस्थेच्या चालकांनीं तें पाहिलें. मनुष्य भला होता. त्यांनीं पंचवीस लाख रुपये घालण्याची तयारी दाखविली. अट एकच: शेवटीं तो आवाज ऐकूं आला पाहिजे, त्याच्याखालीं बांसरी पाहिजे, आणि मुलगा रडला पाहिजे. "तेथें सगळें थिएटर रडेल, लिहून देतों," असे त्यांचे शब्द होते. त्याच आठवड्यांत तो भाग आम्हीं अप्पांना, म्हणजे आमच्या तीर्थरूपांना, दाखविला. त्यांनीं तो शेवटपर्यंत पाहिला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "अरे, कोथिंबीर आण म्हणून तिनें तुला सांगितलें होतें. थिएटरला नव्हतें सांगितलें." एवढें बोलून ते गॅलरींत जाऊन उभे राहिले.

आम्हीं आवाज काढून टाकला. चित्रपटांत आतां मुलगा मोबाईल कानाशीं धरतो. एकोणीस सेकंद प्रेक्षकांस फक्त खालच्या रस्त्यावरच्या रिक्षा ऐकूं येतात. मग तो मोबाईल खिशांत ठेवतो आणि डबे पुसूं लागतो. त्या सभेंत विद्वान् गृहस्थांनीं 'येथें तर कांहींच घडत नाहीं' म्हणून जें स्थळ दाखविलें, तें हेंच. आम्ही वाचकांस विचारतों, पंचवीस लाख घेतले असते तर तो आवाज काढण्याचा अधिकार आमच्या हातीं उरला असता काय? उरला नसता, आणि त्यांत त्या चालकांचा दोषहि नसता. ज्याचे पंचवीस लाख गुंतले, त्यास ते परत यावे असें वाटणारच; ते परत यावयाचे तर प्रेक्षक अमुक ठिकाणीं रडेल ह्याची हमी पाहिजे; आणि हमी पाहिजे म्हणून बांसरी पाहिजे. मोठ्या रकमेचा हा धर्मच आहे. शोकाचा धर्म मात्र निराळा. ज्यांच्या घरीं मृत्यु होऊन गेला आहे, त्यांस हें सांगावयास नको. स्मशानांत कोरड्या डोळ्यांनीं सर्व पार पाडणारा मनुष्य तीन महिन्यांनीं दुधाची एक पिशवी पुरे असतांना संवयीनें दोन घेऊन येतो आणि जिन्यांत बसून राहतो. कोणत्या पायरीवर रडूं येईल ह्याची हमी त्याला स्वतःला नसते. मग ती भांडवलवाल्यास कोण देणार? दिली, तर ती खोटी असणार.

कोणी म्हणेल, हें तुमचें अभाग्याचें समाधान आहे. पैसा मिळाला नाहीं म्हणून पैसा वाईट. त्यांच्यासाठीं परदेशांतलें एक उदाहरण देतों. अमेरिकन दिग्दर्शक डेव्हिड लोरी ह्यांनीं डिस्ने संस्थेसाठीं 'पीट्स ड्रॅगन' हा चित्रपट केला. तो २०१६ सालीं प्रसिद्ध झाला आणि त्यास सुमारें साडेसहा कोटि डॉलर खर्च आला. त्याच सुमारास त्यांनीं 'अ घोस्ट स्टोरी' हा दुसरा चित्रपट अवघ्या एक लाख डॉलरांच्या आसपास पुरा केला. तो २०१७ सालीं लोकांपुढें आला. मोटारीच्या अपघातांत एक तरुण मरतो, आणि मुलें भुताचा खेळ खेळतांना घेतात तशी डोळ्यांच्या जागीं दोन भोकें असलेली पांढरी चादर पांघरून आपल्याच घरांत उभा राहतो. त्याची पत्नी घरीं येते. ओट्यावर तिच्यासाठीं कोणी तरी ठेवून गेलेला एक गोड पदार्थ असतो. ती स्वयंपाकघरांतल्या जमिनीवर बसून तो खात राहते. ती खाते आणि आपण पाहतों, असा हा प्रकार चारपांच मिनिटें चालतो. कॅमेरा जागचा हालत नाहीं, संवाद नाहीं. हा प्रसंग पाहून पुष्कळ प्रेक्षक कंटाळले हें खरें. परंतु ज्यांनीं सुतकांतल्या घरांत कोणी आणून दिलेलें पिठलें एकट्यानें, चव न कळतां खाल्लें आहे, त्यांस तीं मिनिटें खोटीं वाटणार नाहींत. ज्या मनुष्यास मोठ्या भांडवलाचा दरवाजा उघडा होता, त्यानेंहि शोकाचा विषय हातीं घेतांना लहान दरवाजानेंच आंत जाणें पसंत केलें, ह्याचा अर्थ आमच्या टीकाकारांनीं आम्हांस समजावून सांगावा.

आतां पहिल्या आरोपाकडे, म्हणजे दुःख ही खासगी बाब आहे ह्या समजुतीकडे वळूं. ही समजूत आपल्यांत केव्हांपासून आली? आपल्या समाजांत शोक कधींच चार भिंतींत कोंडलेला नव्हता. घरांत मृत्यु झाला कीं दार उघडें राहतें. ओळखीचे-अनोळखी येऊन बसतात. शेजारीं चूल पेटते व तिकडून डबा येतो. दहाव्या दिवशीं नदीकांठीं पिंडाला कावळा शिवेपर्यंत साऱ्या गोतावळ्यानें ताटकळत उभें राहावयाचें आणि गेलेल्या माणसाची कोणती इच्छा राहून गेली ह्याचा मोठमोठ्यानें तर्क करावयाचा. शोकाला माणसांची संगत आणि मोजका वेळ हवा असतो, हें आपल्या पूर्वजांस पुरतें ठाऊक होतें. रोहन कानवडे ह्यांच्या 'साबर बोंडं' ह्या मराठी चित्रपटानें नेमकें हेंच दहा दिवसांचें मोजमाप हातीं घेतलें. वडील वारल्यावर मुंबईंतला एक तरुण दहा दिवसांसाठीं गांवीं जातो. सुतकाचे नियम पाळतां पाळतां, आणि तुझें लग्न केव्हां ह्या नातेवाइकांच्या प्रश्नास तोंड देतां देतां, त्याची एका जुन्या मित्राशीं पुन्हां गांठ पडून दोघांत प्रेम अंकुरतें. रडूं येण्याची सूचना देणारें पार्श्वसंगीत त्यांत नाहीं. दिग्दर्शकाच्या स्वतःच्या पितृवियोगाचा अनुभव त्याच्या मुळाशीं आहे. जानेवारी २०२५ मध्यें अमेरिकेंतील सनडान्स महोत्सवांत परदेशी कथाचित्रपटांचें सर्वोच्च पारितोषिक त्यास मिळालें. आपल्या गांवचें सुतक परक्या मुलखांतल्या परीक्षकांस कळलें. आपणांस तेवढें तें 'घरांतलें' वाटतें!

आणि मराठी प्रेक्षकांस दुःख नको असतें, हें विधान तर इतिहासाविरुद्ध आहे. आचार्य अत्र्यांचा 'श्यामची आई' १९५३ सालचा. एका मुलानें केलेलें आईचें स्मरण, ह्यापलीकडे त्यांत काय आहे? साने गुरुजींनीं तें स्मरण तुरुंगांत बसून लिहिलें. पडद्यावर आल्यावर त्यास राष्ट्रपतींचें पहिलें सुवर्णपदक मिळालें. आणि तीन पिढ्या मराठी कुटुंबें तें पाहून रडलीं. साने गुरुजींनीं आईच्या मरणाचें भांडवल केलें, असें म्हणण्याची आमच्या विद्वान् मित्रांची छाती आहे काय? नसेल, तर त्यांनीं तोच न्याय आजच्या अनामिक मुलांसहि लावावा.

तथापि ह्या आरोपांत एक सत्य दडलेलें आहे, आणि तें टाळून जाणें अप्रामाणिकपणाचें होईल. मृताची संमति घेतां येत नाहीं. आमच्या मातोश्रींना विचारलें असतें, तर त्यांनीं बहुधा चित्रपटाचें हंसून उडवून लावलें असतें आणि पदराला पीठ लागलेलें असतांना चित्र घेऊं नका असें बजावलें असतें. तेव्हां दुःखाचें भांडवल होतें कीं नाहीं, हें कशावरून ठरवावें? आमच्या मतें त्याची एकच कसोटी आहे. ज्यांचें तें दुःख आहे, त्यांच्यांतल्या कोणी 'पुरे' म्हटलें असतां काम थांबतें कीं नाहीं? थांबत असेल तर तें स्मरण. थांबत नसेल तर तो व्यापार. अप्पांनीं एक वाक्य उच्चारलें आणि आमच्या चित्रपटाचा शेवट बदलला. तो बदलूं शकला, कारण त्या शेवटावर कोणाचे पंचवीस लाख अडकलेले नव्हते. लहान चित्रपटाचा सर्वांत मोठा गुण कोणता, असें कोणी विचारलें, तर त्यांतून एखादी गोष्ट गाळतां येते, हेंच आमचें उत्तर राहील.

येथवर वाचून आमच्या बाजूचे तरुण मित्र खूष झाले असतील. म्हणून आतां त्यांचा समाचार घेणें प्राप्त आहे. अलीकडे एक पंथ असा निघाला आहे कीं, खिशांत मोबाईल आहे तेव्हां चित्रपट आहेच. पैशाचें नांव काढणारा तो भ्याड. ह्या पंथाचे लोक दारिद्र्य पदकासारखें छातीवर लावून हिंडतात. ऐकूं न येणारे संवाद, अंधारांत हरवलेले चेहरे आणि विनाकारण लांबलेलीं दृश्यें ह्यांस ते 'सच्चेपणा' म्हणतात. हें खरें नव्हे. वाईट ध्वनिमुद्रण हें वाईट ध्वनिमुद्रणच असतें, मग निर्मात्याचें दुःख कितीहि खरें असो. आणि ज्या उदाहरणाची ते जपमाळ ओढतात, त्याचा उत्तरार्ध ते सांगत नाहींत. जोनाथन काउएट ह्या अमेरिकन तरुणानें मानसिक आजारानें जर्जर झालेल्या आपल्या आईविषयीं व स्वतःच्या बाळपणाविषयीं, घरच्या जुन्या चित्रफिती आणि छायाचित्रें जोडून, घरच्याच संगणकावर 'टार्नेशन' हा चित्रपट २००३ सालीं सिद्ध केला. त्यास खर्च आला सुमारें २१८ डॉलर! हा आंकडा जगभर गाजला. परंतु त्यांत घेतलेल्या गाण्यांचे व चित्रखंडांचे हक्क रीतसर मिळवून तो चित्रगृहांत आणीपर्यंत खर्च सुमारें चार लाख डॉलरांवर गेला, हें किती जणांस ठाऊक आहे? चित्रपट करणें स्वस्त झालें आहे. तो लोकांपर्यंत नेणें स्वस्त झालेलें नाहीं. आपल्याकडेहि १९५२ च्या कायद्याप्रमाणें प्रमाणपत्र घ्यावें लागतें, त्याची फी. चित्रगृहाच्या यंत्रास चालेल अशी प्रत, तिचा खर्च. आणि सभागृहाचें भाडें. आमच्या चार लाख सत्तर हजारांतले जवळजवळ दीड लाख ह्याच पायीं गेले.

शिवाय तो चार लाख सत्तर हजारांचा आंकडाहि खोटा आहे, हें आम्ही येथें कबूल करतों. त्यांत ध्वनिमुद्रण करणाऱ्या मित्राचे अकरा दिवस धरलेले नाहींत. त्या अकरा दिवसांत त्यानें दुसऱ्या दोन कामांवर पाणी सोडलें. घरीं त्याचें वर्षाचें मूल होतें, आणि घरभाडें त्या महिन्यांत त्याच्या पत्नीनें भरलें. जुळवणी करणाऱ्या मैत्रिणीनें पांच महिने रात्रीं जागून काढल्या; त्यांचाहि पैसा त्यांत नाहीं. शेजारच्या काकूंनीं सहा माणसांना अकरा दिवस चहा आणि दोन वेळां पोळी-भाजी पुरविली. तीहि त्यांत नाहीं. ह्या सर्वांची चालू दरानें मजुरी लावली, तर खर्च बारा लाखांच्या घरांत जातो. म्हणजे आमच्या चित्रपटाची जी स्वस्ताई आम्ही मिरवितों, ती ह्या माणसांच्या खिशांतून आलेली आहे. ही रीत नवी नव्हे. दादासाहेब फाळक्यांनीं आपलीं विमापत्रें गहाण टाकलीं, वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित करून दाखवून द्रव्यसाहाय्य मिळविलें, आणि १९१३ सालीं 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आणला, ही कथा आपण अभिमानानें सांगतों. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई ह्यांनीं दागिने दिले, कच्च्या फितीस भोकें पाडण्याचें काम केलें, आणि साऱ्या मंडळींना रांधून वाढलें. भारतीय चित्रपटाच्या पहिल्या हिशेबवहींत त्यांची मजुरी कोणत्या खात्यावर पडली? शंभर वर्षांनंतरहि आपण त्याच कोऱ्या खात्यावर चित्रपट काढीत आहों. एकाच्या आईचें स्मरण करावयाचें आणि त्यासाठीं दुसऱ्याच्या मुलाचें दूध तोडावयाचें, हा न्याय नव्हे. आमच्या मनांत ह्या चित्रपटाविषयीं जी खरी टोंचणी आहे, ती त्या विद्वान् गृहस्थांनीं दाखविली ती नसून ही आहे.

तेव्हां मार्ग कोणता? मोठें भांडवल घ्यावें तर बांसरी येते. न घ्यावें तर मित्र बुडतात. ह्या कोंडींतून एक वाट केरळांतल्या कांहीं लोकांनीं काढून दाखविली होती. जॉन अब्राहम (ह्याच नांवाच्या हिंदी नटाशीं घोटाळा होऊं नये) हे आपल्या पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्यें शिकलेले दिग्दर्शक. ऋत्विक घटक हे तेथें त्यांचे गुरु. १९८४ च्या सुमारास त्यांनीं आणि त्यांच्या मित्रांनीं 'ओडेसा' नांवाची मंडळी स्थापन केली. हे लोक गांवोगांव जात, उघड्यावर पडदा लावून चॅप्लिनचा 'द किड' दाखवीत, आणि जमलेल्या लोकांपुढें झोळी पसरीत. अशा वर्गणींतून १९८६ सालीं 'अम्मा अरियान' हा मल्याळी चित्रपट सिद्ध झाला. 'आईला कळावें म्हणून' असा त्या नांवाचा भाव. एका तरुणाचें प्रेत पाहिल्यावर पुरुषन नांवाचा दुसरा तरुण त्याच्या आईस ती वार्ता सांगावयास निघतो. वाटेंत मृताचे मित्र एकेक करून त्याला मिळत जातात, प्रत्येकाच्या आठवणींतला मृत निराळा निघतो, आणि कोचीला पोंचेपर्यंत वार्ता सांगणाऱ्यांचा एक मोठा जथाच झालेला असतो. चित्रपट पुरा झाल्यावरहि तो नेहमींच्या बाजारांत न शिरतां गांवोगांव फिरविण्यांत आला. दुसऱ्याच वर्षीं, १९८७ त, जॉन अब्राहम अपघातानें वारले. त्यांनीं प्रेक्षकाकडून चार आणे घेतले असतील, पण चित्रपटाचा शेवट कसा असावा हें ठरविण्याचा हक्क त्या चार आण्यांबरोबर कोणी मागितला नाहीं. हजार लोकांचा पैसा आणि एका माणसाचा पैसा ह्यांत हा फरक आहे.

वाचकहो, आम्ही दान मागत नाहीं. आपल्या घरीं लग्न निघालें म्हणजे त्याच्या चित्रणास, आकाशांत ड्रोन उडवून, आपण लाख-दीड लाख रुपये विनातक्रार देतों. ती चित्रफीत वर्षांतून एकदां तरी कोणी पाहतो काय? त्याच घरांतून गेलेल्या माणसाच्या स्मरणार्थ आपल्यापाशीं काय असतें? चंदनाचा हार घातलेली एक तसबीर, आणि मोबाईलमध्यें पुसूं न धजलेला एक नंबर. आमची मागणी साधी आहे. आपल्या गांवच्या वाचनालयानें शंभर कुटुंबें गांठावीं. प्रत्येकानें वर्षांतून एकदां पांचशें रुपये, चित्रपट निघण्यापूर्वीं, द्यावेत. आणि चित्रपट पुरा झाल्यावर तो त्याच वाचनालयांत सर्वांनीं मिळून पाहावा. अशा दहा गांवांत आमच्या चित्रपटाचा रोख खर्च निघाला असता. पंचवीस गांवांत ध्वनिमुद्रण करणाऱ्या मित्राचें घरभाडें, जुळवणी करणाऱ्या मैत्रिणीच्या रात्री आणि काकूंची पोळी-भाजी, सर्वांचा दाम चुकता झाला असता. पैसे देणाऱ्यानें चित्रपट पाहून तो वाईट आहे असें खुशाल म्हणावें. तेवढा हक्क त्यानें विकत घेतलेलाच असतो. फक्त अमुक जागीं रडावयास मिळालें पाहिजे, अशी अट त्यानें घालूं नये.

डोंबिवलीची ती इमारत आतां पाडली गेली आहे. अप्पा सध्यां भाड्याच्या जागेंत आहेत, आणि चित्रपट पुन्हां कधीं दाखविणार म्हणून विचारीत असतात. एकोणीस सेकंदांच्या त्या ठिकाणीं आपणांस आवाज ऐकूं येतो, असें त्यांचें म्हणणें आहे. पुढचा खेळ ठरत आहे. त्या विद्वान् गृहस्थांस आम्ही आग्रहाचें निमंत्रण देणार आहों. मागील खेपेस ते पाहुणे होते; ह्या खेपेस तिकीट दीडशें रुपये आहे, आणि तें त्यांनीं काढूनच यावें.